सव्वादोनची अडीच

भिंगार,
ता. ८ जानेवारी १९७१

प्रिय वहिनी,

तुला नमस्कार, आणि पोटातल्याला माझा वेगळा नमस्कार सांग.

आधी बातमी, मग बाकीचं. मला आज भिंगावर बसवलं! दवाखान्यात रक्त तपासायला शिकते म्हणून सगळ्या गावाला सांगत सुटलीस ना तू? सहा महिने माझं शिक्षण म्हणजे काचा धुणं नि नळ्या पुसणं. आज डॉक्टरीणबाई स्वतः आल्या नि म्हणाल्या, "मालन, आजपासून प्लेटलेट तू मोजायच्या." अगं, हातातली नळी सुटता सुटता राहिली!

कसं दिसतं ते तुला काय सांगू! बोटाला टोचून थेंब काढायचा, त्यात औषध मिसळायचं, चौकोन आखलेल्या काचेवर सोडायचा नि ओल्या कापसाखाली वीस मिनिटं झाकून ठेवायचा. मग डोळा लावला की तांबड्या पेशींच्या मधून बारीक बारीक चमकणारे ठिपके. पुस्तकात त्यांना काहीतरी जड नाव आहे, मी आपलं टिकल्या म्हणते. आता सगळे टिकल्याच म्हणायला लागलेत. जखम झाली की या टिकल्याच धावत जाऊन रक्ताला बांध घालतात. निरोगी माणसात दोन-तीन लाख. खोटं वाटेल, पण लाख!

बाईंनी मला दिवस भरत आलेल्या बायकांचं रक्त दिलंय. त्या म्हणतात, शेवटच्या महिन्यांत काही जणींचा रक्तदाब चढतो, अंगाला सूज येते, लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रथिन जातं. त्यातल्या थोड्या जणींच्या टिकल्याही गळायला लागतात. वेळेवर कळलं तर बाई वाचते, बाळही. नाही कळलं तर झटके येतात आणि मग काही हातात राहत नाही.

जाऊ दे, तुझं बोलू. एकवीस तारखेला गुरुवारी डोहाळजेवण, मी आदल्या दिवशीच येते. लग्नाला पाच वर्षं झाल्यावर माझ्या दादाच्या घरी पाळणा हलणार, मी काय शेवटच्या गाडीनं येणार होय? काल मी ज्यांच्याकडं राहते त्या रंगनाथमामांना ओढत बाजारात नेलं नि तुझ्यासाठी हिरवा चुडा घेतला. सव्वादोनचं माप, तुझ्या लग्नापासून मला पाठ आहे. उद्या दादा नगरला येतोय, त्याच्या हाती देते. संक्रांतीला भर.

आणि हो, दवाखान्यात दाखवून आलीस का? गेल्या दोन पत्रांत या प्रश्नाचं उत्तर तू गिळलंयस.

तुझी,
मालन


वस्ती, घोडेगाव,
ता. १४ जानेवारी १९७१

मालनवन्सं,

तिळगूळ पाकिटात घातलाय. भुगा झाला असेल तर पोष्टाला बोल, मला नको.

तुझ्या बांगड्या सुरेख, पण वन्सं, त्या माझ्या हातात गेल्याच नाहीत! काल भोगीला चांदबी पेटी घेऊन वस्तीवर आली होती. पंचवीस वर्षं आपल्या घरच्या बायकांचे हात तीच भरते, तुला ठाऊकच आहे. माझा हात धरला, दाबला, परत दाबला. तिच्या अंगठ्याचा खळगा पडला तो भरेचना. म्हणाली, "मार्गशीर्षात म्या हिला सव्वादोनची भरली. आज अडीच लागतीया. एका महिन्यात हाडाचं माप वाढत न्हाई बाई. हा हात भरल्याला न्हाई, सुजल्याला हाय. म्या न्हाई भरनार. डाक्टरला दावा." आणि पेटी बंद करून उठली की!

सासूबाईंचा पारा असा चढला, काय सांगू! "भरल्या दिवसांची बाई, संक्रांतीचा सण, नि ही माझ्या सुनेचा हात मोकळा ठिवून जाती?" चांदबी बांधावरून दिसेनाशी होईपर्यंत बोलत होत्या. मग बाजारातून अडीचच्या आणवल्या नि साबण लावून स्वतः भरल्या. आता निघता निघत नाहीत. जोडवीपण रुतलीत. वस्तीभर एकच गजर, पुष्पीनं अंग धरलं, जुळं हाय! परवा तर शेजारची हौसाबाई म्हणाली, एक मुलगा नि एक मुलगी, म्हणजे भांडण नको. मला तर रात्रंदिवस हसूच येतंय.

डोकं मात्र तीन दिवस ठणकतंय. डोळ्यांपुढं मधेच काजवे चमकतात. मी ह्यांना म्हटलं, मालनच्या टिकल्या मला भिंगाशिवाय दिसायला लागल्या! सासूबाई म्हणतात दृष्ट लागली, मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या.

दवाखान्यात गेले नाही. हे घे, गिळलं नाही या खेपेला. दिवाळीत नर्सबाई येऊन सगळं ठीक म्हणाल्या होत्या. रागावू नकोस.

तुझी वहिनी,
पुष्पा


भिंगार,
ता. १६ जानेवारी १९७१, शनिवार सकाळ

वहिनी,

पोष्टावर भरवसा नाही, म्हणून हे पत्र एस. टी.च्या कंडक्टरच्या हाती देतेय. घोडेगाव स्टँडवर दादाला गाठून देतो म्हणालाय.

वाचून संपायच्या आत पिशवी भर. तुझं पत्र मी उभ्या उभ्या डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवलं. खळग्यापाशी त्यांनी चष्मा काढला. काजव्यांपाशी म्हणाल्या, "तिला आजच आण." वहिनी, काजवे म्हणजे माझ्या टिकल्या नव्हेत गं! तो चढलेला रक्तदाब आहे. मी आठ तारखेला ज्या बायकांबद्दल हौसेनं लिहिलं, त्यांतली एक तू आहेस असं वाटतंय मला.

मला तुझी भीती वाटतेय. सरळ लिहिते, मला लपवता येत नाही. अक्षर बघ, कसं सांडलंय.

आईला सांग, डोहाळजेवण नंतर दोनदा करू. बारशालाही जेवण घालू. पण आज निघ. मीठ खाऊ नकोस, चालू नकोस, दादाला गाडी जुंपून स्टँडवर आणायला सांग.

आणि चांदबी भेटली तर माझ्या वतीनं तिच्या पाया पड. नाही, पडू नकोस, वाकायचं नाही तुला. दादाला पडायला सांग.

मालन


वस्ती, घोडेगाव,
ता. १७ जानेवारी १९७१

मालनीस आईचा आशीर्वाद.

तुजा दादा गोरक्ष लिवतोय, मी सांगती. तुजं पत्र वाचून दावलं त्यानं. तू लई शानी झालीस. मला तुमी चार लेकरं झाली, कुनी माजं बोट टोचलं न्हाई का नळीत पानी घातलं न्हाई. पोटुशी बाई फुगनार न्हाई तर काय वाळनार व्हय? चांदबीचं डोस्कं फिरलंय, ते तुज्या बी अंगात शिरलं. मी तिला सांगितलंय, माज्या वस्तीवर पाय ठिवू नगं.

गुरुवारी जेवान हाय. शंबर पान उटनार. पुरनाची डाळ निवडून झाली. पाच वरसं लोकं मला इचारत हुती, सुनंला काय न्हाई का, काय न्हाई का. आता समद्यांच्या म्होरं तिची वटी भरू दे मला. मग शुक्रवारी बगू तुजा दवाखाना.

पुष्पी काल धरनं जेवली न्हाई. छातीखाली आवळल्यागत दुखतंय म्हनती. वात आसंल, ववा दिलाय. तू येताना नगरहून खोबऱ्याच्या वाट्या आन.

बनुबाई

मालन, आईला वाचता येत नाही म्हणून इथंच खाली लिहितो. ती समोर बसून "एवडं काय लिवतोस" म्हणते आहे. मी म्हटलं, पत्ता. उद्या सोमवारी पहिल्या गाडीनं पुष्पाला घेऊन येतो. जोडवी रुतलीत, नगरच्या सोनाराकडून सैल करून आणतो असं सांगितलंय. आई म्हणाली, सोनार तुला फसवील, मीपण येते. म्हणून तिघं येतोय. सांभाळून घे. पुष्पाचा चेहरा सकाळी मला ओळखू आला नाही. हे पत्र तिच्या नजरेला पडायला नको. नगरला निघालेल्या एका मोटारसायकलवाल्याजवळ देतो.

गोरक्षनाथ


दवाखाना, ता. १८, दुपार

वहिनी,

ही चिठ्ठी भीमाबाई आया आणतेय. तुझ्या खोलीत उजेड नि आवाज दोन्ही बंद. त्यानं झटका येऊ शकतो, म्हणून मलासुद्धा आत सोडत नाहीत. दाराच्या फटीला डोळा लावला तर सिस्टरनं कान धरला. इंजेक्शननं ग्लानी येईल, येऊ दे. जाग आली की दोन ओळी लिही, मी इथं नळ्यांमध्ये जीव मुठीत धरून बसलेय.

टिकल्या मी स्वतः मोजल्या. एक लाख चाळीस हजार. थोड्या कमी, पण आहेत.

मालन


मालन,

सोनार कुठाय?

पडदे लावलेत, रेघ दिसत नाही, अक्षर डोंगर चढेल. बाहेर सासूबाईंचा आवाज येतोय, "जोडवी काढायला येवडा दवाखाना बांदलाय व्हय?" मला हसू आलं तर सिस्टर म्हणाली, हसायचं नाही. जोडवी कापली गं त्यांनी. अडीचच्या बांगड्याही फोडल्या. सवाष्णीची जोडवी कापतात का? मनात कसंतरीच झालंय. हे बरे आहेत ना?

पुष्पा


वहिनी,

दादा फाटकाबाहेर भजी खातोय. दुसरी प्लेट आहे. तुझ्या जोडव्यांचा त्याच्यावर काडीचा परिणाम झालेला नाही.

मालन


ता. १९

वहिनी,

आज टिकल्या कालच्याइतक्याच. रक्तदाब थोडा उतरलाय. झोप काढ.

मालन


मालन,

बाळ हलतंय, दोनदा लाथ मारली, उजवीकडं. हे तुला सांगायचं होतं. बरगडीखाली अजून दुखतं. कालच्याइतक्याच म्हणजे किती? आकडा का नाही लिहिलास?

पुष्पा


वहिनी,

एक लाख चाळीस. झालं समाधान? जास्त प्रश्न विचारायचे नाहीत, उजेड लागतो.

मालन


ता. २०, सकाळ

मालन,

बाई आत्ता येऊन गेल्या. आज बाळ आणायचं म्हणाल्या. थांबलो तर दोघांना धोका. पाणमोट फोडून बाटलीतून औषध लावणार आहेत, कळा याव्यात म्हणून. दोन आठवडे लवकर आहे, पण बाळ बाहेर जास्त सुखरूप म्हणतात.

मला भीती वाटतेय, मालन. पाच वर्षं मी याची वाट बघितली, ते मला एकदा तरी बघायचंय. काही झालं तर बाळाला सासूबाईंजवळ ठेवा, त्या ओरडतात पण लेकरावर जीव टाकतात. ह्यांना म्हणावं, सोनाराची थाप छान होती.

टिकल्या खरंच आहेत ना?

पुष्पा


वहिनी,

भरपूर आहेत. जा. घेऊन ये त्याला.

मालन


ता. २१ जानेवारी १९७१, गुरुवार

वहिनी, वहिनी, वहिनी!

तू झोपलीयस, मी पाळण्याशी बसून लिहितेय. आत सोडलं मला! मुलगी आहे! चार पौंड दोन औंस. केवढीशी, पण आवाज अगदी आईवर. म्हणजे माझ्या आईवर गं, सगळा वॉर्ड जागा केला तिनं. हात इवलेसे, सुरकुतलेले. बाई म्हणाल्या, "लहान आहे, पण पक्की आहे."

आता तुझ्यापाशी कबुली. मी दोन दिवस खोटं लिहिलं. एकोणीसला टिकल्या पंच्याण्णव हजार होत्या. वीसला सकाळी साठ हजार. मला वाटलं मोजताना चुकले. परत थेंब आणला, परत मोजल्या. तेच! भिंगात इकडं एक, तिकडं एक, मधले चौकोन रिकामे. मी काच ठेवून खाली बसले नि रडले. मग आकडा कागदावर लिहून धावत बाईंकडं गेले. तो आकडा बघूनच त्या म्हणाल्या, आता उद्यावर टाकायचं नाही. एवढ्या कमी टिकल्यांत बाळंतपणाचं रक्त थांबेलच असं नाही, म्हणून ताजं रक्त हाताशी हवं होतं. बाटलीतल्या शिळ्या रक्तात टिकल्या उरत नाहीत.

दादाचं जुळेना. माझंही नाही. दादा भिंतीला टेकून उभा. तेवढ्यात आई पुढं आली. पदर खोचून बाकावर आडवी झाली नि म्हणाली, "माजं काडा. कुनी इचारलं का मला? मी काय इथं सोनाराकडं आलीया?"

जुळलं! मी स्वतः तपासलं. आईच्या बोटाशी सुई नेली नि दोनदा मागं घेतली, तर मला म्हणते, "टोच की गं. शिकलीस कशाला मग?" तिच्या टिकल्या तीन लाख दहा हजार. सांगितल्यावर तिची मान अशी ताठ झाली, जणू शर्यतीत बैल पहिला आला. मग हळूच म्हणाली, "मालनी, चांदबीचा आंगठा खरा निगाला. आन् मी साबन लावून बांगड्या चडवीत हुते." आणि ती रडली. माझ्या आठवणीत पहिल्यांदा.

काल दुपारी साडेतीनला बाळ झालं. रक्त बरंच गेलं, आईची बाटली तुला चढली, मग थांबलं. आज सकाळी टिकल्या ब्याऐंशी हजार, चढत्या! या खेपेला शपथ घेऊन लिहितेय.

आज गुरुवार. शंभर पानांचं डोहाळजेवण होतं ना? आईनं फाटकावरून पेरू आणले नि वॉर्डातल्या सगळ्या बायांना वाटले.

मला माफ कर,
मालन


ता. २२

मालन,

मला ठाऊक होतं. सोळा तारखेच्या पत्रात तुझं अक्षर सांडलं होतं नि खरं होतं. "भरपूर आहेत" हे तू शाळेतल्या कित्त्यासारखं लिहिलंस. मी ती चिठ्ठी उशीखाली ठेवून आत गेले. खोटी होती, पण तुझी होती.

सासूबाईंचं रक्त माझ्यात गेलं म्हणतेस. सकाळपासून मला सगळ्यांवर ओरडावंसं वाटतंय, ते याच्यामुळंच होय!

तिला बघितलं मी. बघितलं गं.

पुष्पा


वस्ती, घोडेगाव,
ता. ९ मार्च १९७१

प्रिय मालन,

तुझ्या भाचीला सहा पौंड भरलेत. माझा रक्तदाब तू लिहून दिलास तसा दर आठवड्याला दाखवते, एकदाही चुकवलं नाही. सूज पार उतरली.

बारशाच्या आदल्या दिवशी सासूबाई न सांगता कुठं गेल्या कळेना. दुपारी बघते तर बांधावरून दोघी येताहेत, चांदबी पुढं नि तिची बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन सासूबाई मागं! सगळी वस्ती बघायला उभी. चांदबीला पाटावर बसवलं, स्वतः खाली बसल्या नि म्हणाल्या, "मी तुला पाय ठिवू नगं म्हनले हुते. आता तुज्या हातानं हिचा हात भर." चांदबी म्हणाली, "आधी माप बगू द्या." असा हशा झाला!

तुझा तोच हिरवा चुडा काढला मी. सव्वादोनचा. सरसर चढला, साबण नाही न् काही नाही. चांदबीनं माझा हात दाबला, खळगा पडला नाही. मग दोन्ही हातांत धरून बसली, सोडेचना. तिची मधली मुलगी अशीच गेली होती, मालन. बारा वर्षांपूर्वी, नवव्यात. तिच्या हातात चांदबीनं अडीचची भरली होती, कौतुकानं. हे तिनं तेव्हाच सांगितलं, त्याआधी कुणालाही नाही.

भाचीचं नाव घुगऱ्या वाटताना चंद्रकला ठेवलं. पण घरात सगळे टिकलीच म्हणतात. सासूबाई म्हणतात, "तीन लाखाची हाय."

तुझी वहिनी,
पुष्पा


घोडेगाव,
ता. ११ जून १९७१

मालनताईस,

चांदबी सांगतेय, मी लिहून देतेय. पोष्टात टाकायला वेळ नाही, ही चिठ्ठी घेऊन येणारी बाईच दाखवायची आहे. सोबत सासूबाई येताहेत, सोनाराचं नाव न सांगता.

ही चांगुणा. पलीकडच्या वाडीची. आठवा महिना.
वैशाखात सव्वादोन. आज अडीच.

पुष्पा


भिंगार,
ता. ११ जून, दुपार

वहिनी,

चांगुणा पोचली. रक्तदाब चढलेला आहे, बाईंनी खाटेवर घेतलं. टिकल्या मी आत्ता मोजल्या, दोन लाख वीस हजार. अक्षर बघ, सांडलंय.

चांदबीला सांग, वेळेत आली.

मालन